दिवा गुरुवारी लावायचा की शुक्रवारी? (आईचं पहिलं वरस)

दर्यावरची (धागाकर्ती)
नमस्कार. इतकी वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. आम्ही बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी (ज्यू), मूळ अष्टागरातले (अलिबागकडचे), आता ठाण्यात. गेल्या वर्षी १७ मार्चला आई गेली. संध्याकाळी साडेसात. सिस्टरने कागदावर वेळ लिहिताना ती मोठ्याने म्हटली, म्हणून इतकी पक्की लक्षात राहिली. लगेच भावाला फोन केला. तो इस्राएलात अश्दोदला असतो, तिकडे तेव्हा दुपारचे चार वाजले होते.

आता वरस (वर्षाचा स्मृतिदिन) आलंय आणि आमचं जमत नाहीये. त्याच्या मते आई आमच्या पंचांगातल्या अदार महिन्याच्या १७ ला गेली, म्हणजे यंदा दिवा गुरुवारी ५ मार्चला संध्याकाळी लावायचा. मी म्हणते १८ अदार, म्हणजे शुक्रवारी ६ तारखेला. आपला दिवस सूर्यास्ताला बदलतो आणि आई गेली तेव्हा ठाण्यात अंधार पडला होता. त्याच्याकडे ऊन होतं, म्हणून त्याला ती अजून १७ वाटते. त्यात शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ लागतो, मग शनिवारी रात्रीपर्यंत ना विस्तव पेटवायचा, ना वाहनात बसायचं. तेव्हा दिवा कसा लावायचा?

आणखी एक. भाऊ येऊ शकत नाही. मला एकच मुलगी. कद्दिश, म्हणजे गेलेल्यासाठी मुलाने म्हणायची प्रार्थना, कोण म्हणणार? मी म्हटली तर चालेल का?

आईविषयी बरंच लिहायचं होतं, पण आत्ता एवढंच.

खवचट_काका
बहीण-भावाची भांडणं आई गेल्यावरही थांबत नाहीत हे वाचून बरं वाटलं. म्हणजे घर शाबूत आहे.

शनवारतेली
ताई, तुमचं बरोबर आहे. माणूस जिथे गेला तिथला सूर्यास्त धरायचा, बातमी ऐकणाऱ्याच्या खिडकीतला नाही. आमचे मामा रात्री गेले होते, तेव्हा जुन्या हज्जानांनी (प्रार्थना चालवणाऱ्यांनी) हेच सांगितलं होतं. मार्चच्या मध्यावर ठाण्यात पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेसात म्हणजे तारे दिसायची वेळ. १८ अदारच.

शुक्रवारी दिव्यांचा क्रम एवढा पाळा: आधी आईचा दिवा, मग शब्बाथचे. एकदा शब्बाथचे लावले की नंतर काडी ओढायची नाही. आणि तेल असं घाला की शनिवारी अंधार पडेपर्यंत पुरेल, मधे भरता येणार नाही.

सदाशिवातली
मी ब्राह्मण, त्यामुळे हा विषय माझा नाही, पण वाचताना हसू आलं. आमच्याकडे दर वर्षी हाच वाद! आजोबा पहाटे चारला गेले. काका म्हणतात इंग्रजी तारीख बदलली होती, बाबा म्हणतात तिथी सूर्योदयाची, म्हणजे आदल्या दिवसाची. शेवटी पंचांगवाल्यांना फोन. तुमच्याकडे अधिक महिना असतो का हो?

शनवारतेली
असतो ना. १९ वर्षांत ७ वेळा, अगदी तुमच्यासारखा. तुमचा वेगवेगळ्या महिन्यांना चिकटतो (यंदा ज्येष्ठाला, नाही का?), आमचा फक्त अदारला. तेव्हा पहिला अदार, दुसरा अदार. धागाकर्तीने आत्ताच लिहून ठेवावं: पुढच्या वर्षी दोन अदार आहेत. साध्या वर्षीच्या अदारात गेलेल्याचं वरस सेफार्दी (स्पेन आणि पूर्वेकडच्या ज्यूंच्या) रीतीने दुसऱ्या अदारात करतात आणि आपण त्याच रीतीचे. म्हणजे २०२७ मध्ये २६ मार्चच्या संध्याकाळी. तोही शुक्रवार! अश्केनाझी (युरोपातल्या ज्यूंची) मंडळी पहिला अदार धरतात. भाऊ तिकडच्या एखाद्या ॲपवर बघत असेल तर पुढच्या वर्षी एक महिन्याचं भांडण होईल, तयारीत राहा.

सदाशिवातली
१९ वर्षांत ७! आमचंही हेच गणित. चंद्र तोच म्हटल्यावर दुसरं काय होणार म्हणा.

मंत्रालय_लोकल
यहुदी म्हणजे पारशीच ना? की ते वेगळे?

खवचट_काका
वेगळे. आणि तुम्ही ज्या ई. मोझेस रोडवरून रोज ऑफिसला जात असाल, तो एलायजा मोझेस यांच्या नावाचा. १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर, बेने इस्राएली. त्याच रस्त्यावर वरळीचं ज्यू कबरस्तान आहे. मी पंचवीस वर्षं समोरून बस पकडली, आत काय आहे ते निवृत्त झाल्यावर कळलं.

मंत्रालय_लोकल
मी त्यांना मद्रासी समजत होतो. माफी.

लोदची_लेक
मी इस्राएलात, लोदला. आई-वडील साठच्या दशकात आले. इथे सगळे 'अझकारा' म्हणतात, अश्केनाझी शेजारी 'याहरझाइट' म्हणतात. तो यिद्दिश शब्द, माझ्या आजीने जन्मात ऐकला नसेल. आजी 'वरस' म्हणायची. सातव्या दिवशी 'झारत'. तो जियारतवरून आलेला, मुसलमान शेजाऱ्यांचा शब्द. इथे तरुण पोरांना झारत म्हटलं की विचारतात, सफ्ता (आजी), हे हिब्रू आहे का?

भावाची बाजू घेते थोडी. इथे आपण एका चारच्या फोनवर जगतो. माझी मावशी मुंबईत गेली तेव्हा मी सुपरमार्केटच्या रांगेत होते, हातात काकड्या. माझ्यासाठी ती वेळ दुपारच आहे, अजूनही. हिशेबात ते चुकीचं असेल.

दर्यावरची
लोदची_लेक, हे मला सुचलंच नव्हतं. मी त्याला 'तुला साधं गणित येत नाही' असं बोलले होते.

अष्टागर_९
आमची वाडी अलिबागजवळ, आम्ही आगरी. शेजारचं घर इस्राएल्यांचं होतं. १९६८ की ६९ ला ती माणसं गेली. जाताना आमच्या आजीकडे दोन गोष्टी ठेवून गेली: एक पितळी कंदील आणि 'आमच्या कबरींवर गुरं जाऊ देऊ नको' हे सांगणं. आजी असेपर्यंत दर पावसाळ्यानंतर ती गड्याला कोयता देऊन गवत काढायला पाठवायची. मग वडील. आता मी जातो, दर वर्षी नाही, खोटं कशाला बोला.

दोन वर्षांपूर्वी इस्राएलहून एक म्हातारे गृहस्थ आले, सोबत नातू. मराठी असं बोलत होते की आमच्याकडे आता कुणी बोलत नाही, 'अगो', 'रं', सगळं जुनं. पणजोबांची कबर हवी होती. दगडावर वर हिब्रू, खाली मराठी. मराठी मी वाचून दाखवलं, हिब्रू नातवाने. म्हातारबाबांचा चष्मा गाडीत राहिला होता.

त्या दगडावर शेवटी पाच अक्षरं सुटी सुटी कोरलेली होती, मधे टिंबं. नातवाने सांगितलं होतं पण विसरलो. कुणाला माहीत आहे?

शनवारतेली
ताव, नून, त्सादी, बेत, हे. एका वाक्याची आद्याक्षरं आहेत: 'याचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो.' शमुवेलाच्या पुस्तकातून आलंय. जगभर ज्यू थडग्यांवर हीच पाच अक्षरं दिसतील.

अष्टागर_९
गाठोडं! आमच्या आजीला पटलं असतं. ती सगळं गाठोड्यातच ठेवायची.

रेवदंडा_लोकल
अष्टागर_९, नवगावला गेलायत का? तिथे जुन्या उंचवट्यांपाशी स्मारक आहे. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, वाहून आलेल्या बाकीच्यांना तिथे पुरलं, अशी त्यांची परंपरा. म्हणजे कोकणात आल्यावर पहिलं काम केलं ते मयतीचं. घरं, तेलाचे घाणे, शनिवारची सुट्टी, सगळं नंतर.

इतिहास_वगैरे
दंतकथा आहे ती. सात जोडपी हा आकडाच सांगतो. कधी आले यावरही अभ्यासकांचं एकमत नाही, अंदाजांत शेकडो वर्षांचा फरक आहे.

रेवदंडा_लोकल
मी 'परंपरा' असंच लिहिलंय, परत वाचा. आणि उंचवटे दंतकथा नाहीत, मी शाळेची सहल घेऊन गेलोय.

शनवारतेली
भांडू नका. दंतकथा असो नसो, त्या वाळूतल्या लोकांची नावं कुणाला माहीत नाहीत आणि तारीखही नाही. त्यांचं वरस करायचं तर कधी करणार? माझे वडील नवगावला गेले की फक्त शमा, आपली मूळ प्रार्थना, म्हणायचे. पूर्वजांना बाकी प्रार्थना विसरल्या होत्या तेव्हा तेवढीच आठवत होती, म्हणून तेवढीच.

पुण्यनगरी_प्रवासी
अवांतर: पुण्यात लाल देऊळ (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बघितलंय का? कॅम्पातलं, १८६७ चं, विटांचं उंच. आवारातच डेव्हिड ससूनची कबर आहे. तो १८६४ मध्ये गेला, देऊळ पुरं झालेलं बघायला नव्हता. ज्यू लोक मृतांसाठी इमारती बांधतात असं दिसतं.

शनवारतेली
ससून बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेले ज्यू. पैसा असला की इमारत होते. आमचे लोक दगडावर दोन ओळी मराठीत कोरायचे. आणि बगदादी मंडळींनी १८३६ मध्ये मुंबईत अर्ज केला होता की कबरस्तानात आमच्या आणि बेने इस्राएलींच्या मधे भिंत घाला. मेल्यावरही शेजार नको!

खवचट_काका
को-ऑप सोसायटीची सुरुवात.

नीना_बायकल्ला
कद्दिशबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून मी बोलते. मुख्य प्रश्न तोच आहे.

कद्दिश म्हणायला दहा पुरुष लागतात, मिन्यान. आमच्या इथे रूढीने बायका मोजत नाहीत, हे कुणाला आवडो न आवडो. पण बाई म्हणू शकत नाही असं मी मानत नाही. वडील गेले तेव्हा मी वरच्या बायकांच्या गॅलरीत उभी राहिले. खाली हज्जान म्हणत होते, मी वरून त्यांच्याबरोबर. प्रार्थनेची ती वही वडिलांचीच होती, हिब्रू उच्चार देवनागरीत लिहिलेले, पानाच्या कोपऱ्यात तेलाचे डाग. 'यितगदल व'यितकदश' म्हणताना माझा आवाज जरा चढला. खालून दोघांनी वर बघितलं. नंतर एका काकांनी जिन्यात गाठून सांगितलं, बाळ, मनात म्हण. मी म्हटलं, काका, मनात तर सकाळपासून म्हणतेय.

आणि ती म्हणताना मृत्यू डोक्यात आणू नका. कद्दिशमध्ये मरणाचा एक शब्द नाही. सगळी देवाची स्तुती, तीही अरामी भाषेत. मला बरीच वर्षं वाटायचं यात कुठेतरी 'बाबा' असेल.

मोशे_अप्पा
नीना_बायकल्ला, त्या काकांच्या वयाचाच मी आहे. माझं मत जुनंच: बाईने आवाज काढून म्हणू नये, मुलगा नसेल तर नात्यातला पुरुष किंवा हज्जान म्हणेल. हश्काबात, म्हणजे मृतांच्या स्मरणाच्या प्रार्थनेत, आईचं नाव घ्यायला सांगा, देणगी द्या, तेवढ्याने रीत पुरी होते. रीत आहे म्हणून हजारो मैल आणि शेकडो वर्षं टिकलो आपण.

नीना_बायकल्ला
टिकलो खरं, अप्पा, पण किती? २०११ च्या जनगणनेत अख्ख्या भारतात ४,६५० ज्यू. त्यातून दहा पुरुष, तेही कामाच्या दिवशी सकाळी सातला. मोजायला बोटं पुरतात तिथे मला गॅलरीत गप्प बसायला सांगू नका.

मोशे_अप्पा
सातला मी येतो. गुडघे दुखतात तरी येतो. तेवढं धरा.

नीना_बायकल्ला
धरलं. तुमचं मत मान्य नाही, पण तुम्ही येता हे धरलं.

प्रशासक
तीन प्रतिसाद उडवले आहेत. इस्राएलचं राजकारण इथे नको, त्यासाठी वेगळे धागे ढिगाने आहेत. ही बाई आईबद्दल विचारतेय.

शंतनू_डोंबिवली
प्रश्न बावळट असेल, पण एवढे दिवस पाळायचे तरी किती? आमच्याकडे दहा, तेरा आणि मग वर्षश्राद्ध.

लोदची_लेक
बावळट नाही. पुरून आल्यावर सात दिवस घरात, जमिनीवर किंवा खुज्या स्टुलावर बसायचं. पहिलं जेवण आपल्या घरचं नाही, शेजाऱ्यांनी आणायचं, उकडलेली अंडी आणि डाळ, गोल पदार्थ. मग तीस दिवसांचा टप्पा. आई-वडिलांसाठी कद्दिश अकरा महिने म्हणतात, बारा नाही. का, तर पाप्याचा हिशेब बारा महिने चालतो अशी समजूत. पूर्ण बारा म्हटली तर आपणच आई-बाबांना पाप्यात काढलं असं होईल.

शंतनू_डोंबिवली
आमच्या शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणला होता. अंडी नव्हती, पण बाकी तेच.

खवचट_काका
अकरा महिन्यांची सवलत आमच्या सासरेबुवांना पुरली नसती.

शनवारतेली
तेलाच्या दिव्याचं विचारायला कुणी थांबलं नाही, पण मी सांगणार. बाजारात चोवीस तासांची मेणबत्ती मिळते, परदेशातून कुणी आणली तर तीही चालते. पण घरात कायम पेला असायचा. काचेचा, सरळ कडांचा. अर्धा पाणी. पाण्यावर खोबरेल, दोन बोटं तरी. वात मधोमध, तिला तारेचा आधार. तेल संपत आलं की वात पाण्याला टेकते, चर्र आवाज येतो आणि दिवा आपोआप विझतो. म्हणून पाणी, काच तडकत नाही. वीस तास झाल्यावर कुणीतरी त्या आवाजाची वाट बघत जागं असायचंच.

थंडीत खोबरेल गोठतं हे लक्षात ठेवा. मार्चमध्ये ती भीती नाही.

दर्यावरची
शनवारतेली, माझ्या आईनेही हेच केलं असतं. तिच्या हातचा पेला अजून आहे, खाली चिरेसारखी रेघ आहे, म्हणून वापरत नव्हते. वापरू?

शनवारतेली
नको हो! रात्रभर टांगणीला जीव. नवीन घ्या, तो बाजूला ठेवा.

खवचट_काका
शनिवारी तेलाचं काम न करणाऱ्यांच्या वंशजाकडून शुक्रवारी तेलाची शिकवणी. पुढील लेखनास शुभेच्छा.

विशाल_पेण
वाचनखूण साठवली. एक शंका: कबरीवर फुलं की दगड? चित्रपटांत छोटे दगड ठेवताना दाखवतात.

नीना_बायकल्ला
दगड जगभरच्या ज्यूंत, फुलं आमच्या घरच्या सवयीत. आई दोन्ही करते. मोगरा आणि सब्जा वाहते आणि निघताना एक खडा ठेवते. कुणी टोकलं तर म्हणते, फुलं माझ्याकडून, खडा धर्माकडून.

मोशे_अप्पा
सब्जा असायलाच हवा. इथे आपलं पटलं.

————

दर्यावरची
मंडळी, झालं वरस. इतक्या जणांनी मनापासून लिहिलं, म्हणून सांगायला आले.

शुक्रवारी दुपारी नवीन पेला घेतला, सव्वाशे रुपयांना दोन, एक सुटा देईना. साडेसहाच्या आधी आईचा दिवा लावला, मग शब्बाथचे. आईचा पेला शेजारी ठेवला, रिकामा. लेक म्हणाली, त्यात पाणी तरी घालू. घातलं.

शनिवारी सकाळी मशिदीत (आम्ही आमच्या प्रार्थनास्थळाला तेच म्हणतो) पुरुष मोजले तेव्हा नऊ. आमचे हज्जान दाराशी उभे राहून जिन्याकडे बघत होते. दहावे गृहस्थ आले ते काठी टेकत, धापा टाकत. मी ओळखत नव्हते. प्रार्थना संपल्यावर जवळ आले आणि म्हणाले, 'दर्यावरची तूच का? गुडघे दुखतात, जिना फार उंच आहे तुमचा.' मोशे अप्पा, तुम्ही भायखळ्याहून शब्बाथला चालत आला नसाल, कसे आलात ते विचारलं नाही, विचारणारही नाही.

कद्दिश हज्जानांनी म्हटली. मी वरून म्हटली. मनात नाही.

शनिवारी माझा शब्बाथ संपला तेव्हा अश्दोदला अजून दुपार होती, त्यामुळे भावाचा फोन रात्री दहाला आला. त्याने गुरुवारीही दिवा लावला होता आणि शुक्रवारीही. म्हटलं, का रे? म्हणाला, मला फोन आला तेव्हा ऊन होतं, तुझ्याकडे अंधार होता, आईला दोन्ही माहीत आहेत. मी काही बोलले नाही, गणिताचं तर अजिबात नाही.

मोशे_अप्पा
आदल्या दिवशीच ठाण्याला आलो होतो, पुतण्याकडे मुक्काम. चालतच आलो. लिफ्ट बसवा म्हणावं, पण शब्बाथला चालणारी.

नीना_बायकल्ला
अप्पा, मी काही म्हणत नाही. पुढच्या आठवड्यात सब्जा घेऊन येते.

अष्टागर_९
धागा वाचून रविवारी कोयता घेऊन गेलो. गवत कमी होतं, पण एका दगडावर आमच्याच आंब्याची फांदी पडली होती. काढली. फोटो टाकू का? नावं दिसतायत, म्हणून विचारतो.

लोदची_लेक
इथे नका टाकू, मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. आडनाव कुठलं आहे?

विशाल_पेण
आता मलिदा (पोह्यांचा नैवेद्य) झाला का धागाकर्ती? पोहे जाड घ्यायचे की पातळ, यावर आमच्या शेजारच्या इस्राएली काकूंचं आणि त्यांच्या जावेचं तीस वर्षं जमलं नाही.

शनवारतेली
मलिदा मंगल कामाचा, नवसाचा, एलियाहू हानाबीचा (प्रेषित एलियाचा). वरसाला नसतो.

रेवदंडा_लोकल
आमच्या गावच्या कुटुंबात सुतक संपलं की करायचे. मी खाल्लाय.

दर्यावरची
आमच्याकडे आई करायची, कशाला ते कधी विचारलं नाही. पातळ पोहे, ओलं खोबरं, साखर. गूळ कुणी घातला की रागवायची.

मोशे_अप्पा
गूळच घालायचा असतो.